अकरा नंबरची पेटी

प्रिय धाकट्या,

दीड महिना तुझा एकही फोन घेतला नाही. तुझ्या बायकोने निरोप धाडला की ताईंना आता कोर्टाची शिंगं फुटलीत. तिचा राग खोटा नाही.

तू सदतीस मतांनी पडलास, आपल्या गल्लीच्या पेटीतली साठ मतं उगाच बाद केली म्हणून दावा लावलास, आणि आमच्या जजसाहेबांनी हुकूम काढला, निकाल लागेपर्यंत सगळ्या मतपेट्या कोर्टाच्या ताब्यात. म्हणजे माझ्याच ताब्यात. मुद्देमालाच्या खोलीची किल्ली सव्वीस वर्षं माझ्या कमरेला आहे. उमेदवार माझा सख्खा भाऊ आहे, हे त्याच दिवशी सांगायला हवं होतं. लग्नानंतरचं आडनाव वेगळं, कुणी विचारलं नाही, मीही मूग गिळून बसले. किल्ली भलत्याच्या हातात गेली तर, अशी धास्ती वाटली.

तू चार महिने दारोदार फिरलास. सरकारी नोकर म्हणून मला एक दिवसही तुझ्याबरोबर येता आलं नाही. तुझी मिरवणूक आमच्या घरावरून गेली तेव्हा मी पडद्याआड उभी राहून रडले, हे तुला आजच सांगते आहे.

रोज अकराला मी खोली उघडते, चौऱ्याऐंशी पेट्या मोजते, लाखेच्या मोहोरा बघते. दारात पोलीस, बाहेरच्या बाकावर दोन्ही पक्षांची माणसं एकमेकांकडे खाऊ की गिळू बघत. गेल्या सोमवारी कोपऱ्यातल्या अकरा नंबरच्या पेटीची लाख तडकून तुकडा खाली पडला होता. उन्हाळ्यात आमच्या मुद्देमालाच्या गाठोड्यांची, बाटल्यांची लाख अशीच तडकते, आणि मी मेणबत्ती पेटवून नवी लावते. हात सवयीने चालले. कोर्टाचा चौकोनी शिक्का दाबला आणि मग नीट पाहिलं. खाली निवडणूक अधिकाऱ्यांचा गोल शिक्का अर्धा दिसत होता.

दोरा शाबूत होता, पेटी उघडली नव्हती, हे मी शपथेवर सांगेन. पण मोहोर तुटलेली दिसली की हात न लावता साहेबांना बोलवायचं, हे नव्या कारकुनांना मीच शिकवते. आणि ती पेटी नेमकी आपल्या गल्लीची. ती पुन्हा मोजली तर तू निवडून येतोस, मला खात्री आहे. कोपऱ्यातलं कुणी पाहिलं नव्हतं. तीन दिवस मी गप्प राहिले, याची लाज वाटते.

आज सकाळी साहेबांना सगळं लिहून दिलं, शिक्क्याचं आणि आपल्या नात्याचंही. किल्लीही दिली. नक्कल दोन्ही वकिलांना पोचली, म्हणून तुला लिहायला मोकळी झाले. ती पेटी बहुतेक मोजणीतून बाजूला काढतील, आणि तू हरशील ते माझ्या हाताने. उद्या मी पिंजऱ्यात असेन. समोरचे वकील मला चोर म्हणतील. तुझा स्वभाव मला ठाऊक आहे, ताडकन उठशील. उठू नकोस, एवढ्याचसाठी हे पत्र. तू माझी बाजू घेतलीस, तर माझ्या खऱ्यावर कुणाचा विश्वास बसणार नाही. माझ्यावर रागव, हवं तेवढं रागव, पण घरी येऊन रागव.

उद्या कोर्टात ओळख न देणारी, पण तुझीच,
ताई