वाक्य पूर्ण होईल इतकंच

बुधवार, १० एप्रिल

नैनाने आज मला जिममधून बाहेर काढलं. अक्षरशः! कार्ड स्कॅन झालं, दार उघडलं, आणि ही समोर हाताची घडी घालून उभी.

‘आज वेन्सडे. तुझा रेस्ट डे. घरी जा.’

म्हटलं, फक्त सायकल मारते.

‘तू “फक्त” काही करत नाहीस, यार. लास्ट वीक पण “फक्त” होतं.’

नैना माझी कोच. जन्म इथलाच, टेक्ससचा, आईवडील साताऱ्याचे. मराठी घरात ऐकलेलं, कोणी न तपासलेलं. चिडली की ‘मी तुला मार करीन’ म्हणते. पण वजन उचलायला शिकवावं तर तिनेच. एक जूनला माझी पहिली स्पर्धा आहे, म्हणून ऐकून घेते.

तिचं म्हणणं असं — विश्रांतीच्या दिवशी नुसतं पडून राहायचं नाही आणि घामही काढायचा नाही. हलकं काहीतरी करायचं. म्हटलं, हलकं म्हणजे किती? आकडा दे.

‘नो आकडा. चालताना गप्पा मारता आल्या पाहिजे. सेंटेन्स मध्येच तुटला, म्हणजे तू जास्त करतेयस.’

ही मोजपट्टी! मी कारखान्यांतल्या यंत्रांची कंपनं मोजते. बेअरिंग बिघडण्याआधी त्याच्या आवाजात काय बदलतं, ते ओळखण्याचा मला पगार मिळतो. आणि मला सांगतात, गप्पा मार.

संध्याकाळी पाठीवर भरलेली सॅक घेऊन ऑफिसच्या पार्किंगचे जिने चढले. सगळे मजले, पुन्हापुन्हा. वाक्य तुटलं नाही. बोलायला कोणी नव्हतंच.

गुरुवार, ११ एप्रिल

वजनाचा लोखंडी बार जमिनीवरून सुटला नाही. गेल्या आठवड्यात ज्या वजनाने वॉर्म-अप केला होता, तेच वजन! नैनाने बारवरच्या चकत्या उतरवल्या. तेच जास्त लागलं.

रविवार, १४ एप्रिल

ठीक आहे. आजही रेस्ट डे. करून बघू, तिच्या पद्धतीने. डेटा म्हणून.

घराजवळ, अर्विंगच्या कालव्याकाठी ट्रेलवर चालले. हळू. म्हाताऱ्या बदकांनी मागे टाकावं इतकं हळू. पण गप्पा कोणाशी मारणार? ऑफिसमध्ये मी कामापुरतं बोलते, जिममध्ये त्याहून कमी. शेवटी आईला फोन लावला. इथे रविवारची संध्याकाळ म्हणजे जळगावात सोमवारची सकाळ. ती त्या वेळी कॉलनीच्या मैदानावर फेऱ्या मारते.

‘तू? आपणहून? काय झालं?’

काही नाही. चालतेय.

‘चाल, चाल. हलका व्यायाम कधीही बरा. ते लोखंड सुटलं एकदाचं, बरं झालं. बाईच्या जातीला कंबर एकच असते.’

पुरुषांना दोन असतात का, हे मी विचारलं नाही.

गेल्या वर्षी माझी कंबर धरली होती. वजन उचलताना नव्हे, ऑफिसच्या खुर्चीतून उठताना! पण आईने फोनवर रडून सांगितलं, यापुढे जड काही उचलायचं नाही. मी ‘बरं’ म्हणाले होते. बरं म्हणजे ऐकलं. आज तिने विचारलं, ‘हलकाच ना?’ मी म्हणाले, ‘आज हलकाच.’ शब्दशः खरं आहे. आणि मी सोडणार नाहीये.

मग ती बोलत सुटली. तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवलाय तिने. एका वाक्यात अख्खी लढाई संपवायची — कूच, वेढा, फितुरी, तह. शेवटच्या बाकावरच्या मुलालाही मध्ये खोकायची सोय नसे.

सोमवारी बार हलका वाटला. नैनाला सांगणार नाही.

(हे सोमवारी लिहून जोडलं.)

बुधवार, १७ एप्रिल

चालले. आईला फोन. ‘आजही हलकाच?’ ‘आजही.’

शनिवार, २० एप्रिल

इंडियन ग्रोसरीत मीनाक्षी मावशी भेटली. आईची शाळेपासूनची मैत्रीण. पाच मैलांवर राहते. मी तांदळाची मोठी गोणी कार्टमध्ये टाकत होते.

‘अगं अगं, ठेव! त्या मुलाला बोलाव.’

कशाला?

‘आणि दंड बघू... बाई गं! ब्लाउज कसा बसायचा तुला?’

नाही बसला तर दुसरा शिवीन, म्हटलं. मग तिचीही गोणी उचलली आणि दोन्ही एकदम तिच्या गाडीपर्यंत नेल्या. गरज नव्हती. केलं!

ती आईला सांगेल. सांगू दे.

बुधवार, २४ एप्रिल

आज एक गोष्ट लक्षात आली आणि ती डोक्यातून जात नाहीये.

मी बोलत होते, माझी वाक्यं पूर्ण होत होती. आईची होत नव्हती. ‘सुमित्राच्या मुलीचं... जमलं बरं का... नागपूरचा आहे.’ मध्ये दोनदा श्वास. शेजारच्या सुमित्राची बातमी आणि तीन तुकड्यांत!

‘दम लागलाय का?’

‘छे. जरा चढ आहे.’

त्या मैदानावर मी लहानाची मोठी झाले. तिथे चेंडू ठेवला तर जागचा हलत नाही. कसला चढ?

रविवार, २८ एप्रिल

एका निरीक्षणावरून निष्कर्ष काढायचा नसतो. म्हणून आज मुद्दाम चाचणी घेतली. तिला न सांगता.

म्हटलं, आई, पानिपत सांग ना. तू वर्गात सांगायचीस तसं.

‘आत्ता? हे काय खूळ?’ पण खूष झाली. सुरू केलं. सैन्य दिल्लीलाही पोचलं नाही. थांबली. ‘मग... थांब हं... सदाशिवरावांनी...’ पुन्हा थांबली. ती कशी चालतेय, ते पावलांच्या आवाजावरून कळत होतं. मावशीसुद्धा तिच्या पुढे जाईल इतकी हळू.

मशीनमधला बारीक बिघाड पूर्ण लोडवर कळतो. हलक्या लोडवरही आवाज यायला लागला, तर आम्ही रिपोर्टची वाट बघत नाही. मशीन बंद करायला सांगतो.

बुधवार, १ मे

आज ती फिरायला न जाता घरीच होती. सरळ विचारलं. किती दिवस होतंय?

‘वय झालं गं. साठीला आले.’

कुठे दुखतं का?

‘डावा खांदा. भाजीची पिशवी उचलली असेल. पित्तही झालंय, छातीत जळजळतं.’

बाबांनी मागून फोन घेतला. ‘काळजी करू नकोस. गॅसेस आहेत. सुंठ-साखर देतोय, रात्री खांद्याला बाम लावतोय. आराम पडतो.’

आराम पडतो! माझे बाबा आयुष्यभर सिव्हिल इंजिनिअर होते. भिंतीला तडा गेला की आधी पाया तपासायचे. आणि बायकोच्या छातीला बाम! म्हटलं, बाबा, ईसीजी. आज. ते म्हणाले, ‘अगं, तिची इच्छा नसताना कसं नेऊ?’

जाऊन स्वतः नेलं असतं. पण माझ्या व्हिसाचा शिक्का संपलाय. गेले तर नवीन मिळेपर्यंत तिकडेच अडकायचं, आणि नोकरी थांबत नाही. इतक्या लांबून माझ्याकडे आहे तो फक्त कान.

रविवार, ५ मे

तिने फोन उचलताच सुरुवात केली.

‘मीनाक्षी म्हणाली... दोन गोण्या... एकदम. तू सोडलंच नाहीस ना?’

नाही.

‘मला फसवलंस.’

फसवलं नाही. तू विश्रांतीच्याच दिवशी विचारायचीस, मी त्या दिवसाचं सांगायचे.

‘वकील झाली असतीस तर... बरं झालं असतं.’

मग मी म्हटलं — माझं कळलं, आता तुझं सांग. तुला सपाट जमिनीवर एक वाक्य पूर्ण करता येत नाही. हे पित्त नाही. डॉक्टरकडे जा.

तिचा श्वास ऐकू येत होता. मोजता येईल असा. मग म्हणाली, ‘तू ते लोखंड सोड. आजच्या आज. मग मी... जाते डॉक्टरकडे.’

हे तिचं जुनं हत्यार. मी दहावीला गॅदरिंगचं नाटक याच हत्यारापुढे सोडलं होतं. मी सोडेपर्यंत ती जेवली नव्हती. एका ‘हो’चं काम आहे. ती हॉस्पिटलात जाईल आणि मी गुरुवारी जिममध्ये. तिला कळणारही नाही.

पण मग मी खरंच फसवलेलं असेल. आणि फसवलं नाही, तर सोडलेलं असेल. दोन्ही मान्य नाही.

‘बुधवारी सांगते,’ म्हटलं. फोन ठेवून उरलेला ट्रेल जवळजवळ धावतच संपवला. हलका व्यायाम!

मंगळवार, ७ मे

नैनाला सांगितलं. मी कधी काही सांगत नाही, म्हणून ती आधी घाबरलीच.

‘तुझी मॉम तुला ब्लॅकमेल करते?’

नाही. घाबरलीय ती. माझ्या कंबरेला घाबरते आणि स्वतःच्या छातीला घाबरते. दोन्हींचं नाव एकच ठेवलंय तिने, लोखंड.

‘तिने तुला उचलताना कधी बघितलंय?’

नाही. आमच्या घरात कोणीच नाही.

नैनाने माझा फोन घेतला, बारपासून चार पावलांवर उभी राहिली. ‘मग दाखव.’

बुधवार, ८ मे

व्हिडिओ पाठवला. खाली लिहिलं:

‘आई, मी सोडणार नाही. तू ज्याला घाबरतेस ते हे आहे. एकदा नीट बघ. आणि माझ्या सोडण्या न सोडण्यावर तुझं हृदय टांगू नकोस. डॉक्टरकडे अट घालून नाही, तशीच जा.’

तीनदा खोडून लिहिलं. मऊ होत नव्हतं. तसंच पाठवलं.

दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर नाही. संध्याकाळी फोन केला. तिने उचलला नाही.

रविवार, १२ मे

आजही उचलला नाही. बाबा म्हणाले, ‘घरात आहे. बोलत नाही कुणाशी.’ डॉक्टर? ‘नाव काढलं की उठून आत जाते.’

एकटीच चालले. इथे आज मदर्स डे आहे. ट्रेलभर आया आणि त्यांच्या हातात फुलं. वाक्य पूर्ण होतंय की नाही हे तपासायला मोठ्याने बोलून पाहिलं: मी बरोबर आहे. वाक्य पूर्ण झालं. फार छोटं होतं.

हो म्हणायला हवं होतं का? एक शब्द. काय बिघडलं असतं? एखादी स्पर्धा.

नाही. नाही! पुन्हा विचारलंस तरी उत्तर हेच.

पण उचल ना फोन.

सोमवार, १३ मे

बाबांचा मेसेज. ‘सकाळी स्वतःच चप्पल घालून दारात उभी. म्हणाली, चला दवाखान्यात. का ते सांगितलं नाही. ईसीजी बघून डॉक्टरांनी घरी सोडलंच नाही. उद्या अँजिओग्राफी.’

मीटिंग सुरू होती. कॅमेरा बंद केला.

बुधवार, १५ मे

दोन स्टेंट. एक रक्तवाहिनी जवळजवळ बंद होती. डॉक्टर बाबांना म्हणाले, अजून थोडे दिवस गेले असते तर. पुढचं वाक्य बाबांनी सांगितलं नाही. 

बाबा रडत होते. ‘मी बाम लावत बसलो गं.’ म्हटलं, बाबा, तुम्ही रोज रात्री लावत होतात. तेवढं तर कोणी करत नाही.

असं काही मी बोलू शकते, हे मला माहीत नव्हतं.

रविवार, १९ मे

आईशी दोन मिनिटं बोलणं झालं. आवाज बारीक. व्हिडिओचा विषय तिने काढला नाही, मीही नाही. म्हणाली, ‘जेवतेस ना?’

शनिवार, १ जून

मीनाक्षी मावशी आली होती! स्पर्धेच्या हॉलमध्ये सर्वांत पुढे, सिल्कचा कुडता घालून, डब्यात शंकरपाळी. पहिल्या दोन उचलींना डोळे मिटून बसली होती, नैनाने सांगितलं.

तिसऱ्या उचलीला माझं आजवरचं सगळ्यांत जड वजन लावलं. बार गुडघ्यापाशी अडकला. सोडावासा वाटला. नाही सोडला! तीन पांढरे दिवे, म्हणजे तिन्ही पंचांना उचल मान्य.

मावशी ओरडली, ‘आमची पोरगी आहे ती!’ आणि शेजारच्या अनोळखी माणसाला शंकरपाळी दिली.

रविवार, २ जून

रेस्ट डे. कालव्याकाठी चालले. आईला आता मैदानावर दोन फेऱ्यांची परवानगी आहे. फोन तिनेच केला.

‘तू विचारलं नाहीस, पण सांगते, त्या व्हिडिओत तू वाकण्याआधी पोटभर श्वास घेऊन धरतेस ना, ते बघून मीही तुझ्याबरोबर घेतला, व्हिडिओ पुन्हा लावला, श्वास पुन्हा घेतला, चार दिवस तेच करत होते आणि एकदाही मला तो धरता आला नाही, म्हणून गेले, तुझ्या मेसेजमुळे नाही, मेसेज उद्धट होता.’

एका दमात. मध्ये कुठेही थांबली नाही.

‘मीनाक्षीने सांगितलंय. कालचा व्हिडिओ पाठव,’ म्हणाली. ‘आता श्वास धरून बघते.’

धरायचा नाही, मी म्हणाले. नुसता घ्यायचा. हलका.