तीनदा आत घेतलेला झगा

आई,

येसेनियाचे कपडे न्यायला घरी आलेय, तू बाजारात गेलेली दिसतेस. ती सकाळी शाळेच्या झेंडावंदनात चक्कर येऊन पडली. आता शुद्धीवर आहे, इस्पितळात सलाइन लावलंय. धावतपळत येऊ नकोस, जिना जपून उतर.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "घरात हिच्या खाण्यापिण्याचं कोण बघतं?" म्हटलं, "मीच, तिची आई. मी आहारतज्ज्ञ आहे." त्या खाली मान घालून लिहीत राहिल्या.

आत्ता तिच्या उशीखाली वही सापडली. मी पेशंटना आखून देते तसेच रकाने आखलेत. कालच्या पानावर अर्धी तोर्तिया, सहा द्राक्षं आणि पाणी, एवढंच.

पंधराव्या वाढदिवसाचा झगा तिसऱ्यांदा आत घेताना तू म्हणाली होतीस, "ओफेलिया, आता टाचणी लावू तरी कुठे? पोरीच्या हाडाला?" मी हसले होते. दवाखान्यात बायकांना तिचाच फोटो दाखवत होते, बघा, मनावर घेतलं की जमतं.

संध्याकाळी अतोले घेऊन ये. तू करतेस तसं, मक्याचं, दाट, गूळ घालून. किती घालू म्हणून मला विचारू नकोस.

आणि झग्याच्या शिवणी उसवून ठेव. आतलं जादा कापड तू राहू दे म्हणत होतीस, मीच कापायला लावलं. चिंध्यांच्या पिशवीत असेल तर शोध ना, आई.

ओफेलिया