देवीचा छाप

३ मार्च १९६९
सकाळीच भैय्याजीमामा गावावरून, खाप्याकडून, इंदोऱ्याले आमच्या घरी आला. चहाच्या आधीच सुरू — बाबाराव पाटलाच्या वावरात विहीर खोदून राहिले होते, अख्खा माणूस निघाला. सांगाडा नाही, माणूस. कातडी, नखं, मिशा. आंगाभोवती मिठाची ढेकळं.

"महाराज हाय गा. हजार वर्साचा."

मिठानं आंगातलं पाणी ओढलं की शरीर सडत नाही, इजिप्तवाले हेच करत, मी सांगितलं.

"तुह्या पुस्तकात असंन. इथं पुण्याई हाय."

लिहायले गोष्ट सापडली!

५ मार्च
पाहून आलो. मांडव, नारळ, ढोलकी. आपल्या लोकांची रांग वेगळी, सगळ्यात शेवटी. पुजारी महाराजाच्या हाताचा दंड दाखवून राहिला होता — "पाहा, देवीचा छाप. आईनं सोताच्या हातानं उठवला." लोक त्यावर डोकं टेकवत होते.

दोन गोल वण. माझ्याही दंडावर तेच आहेत — लहानपणी देवी टोचल्याचे.

हजार वर्षांपूर्वी कोण टोचत होतं?

पाटलाचे माणसं काठ्या घेऊन उभे होते.

६ मार्च
गोसाव्याले मिठात बसवून पुरतात. हा आडवा सापडला, पाय मोडून कोंबलेला. म्हणजे वास सुटू नये म्हणून कोणीतरी मीठ ओतलं. लपवायले ओतलं — त्याच मिठानं जपून ठेवलं.

छप्पन साली दीक्षा घेऊन आल्यावर बाबानं पाटलाचा मेलेला बैल ओढायले नाही म्हटलं. मग बाबा दिसलाच नाही. आई म्हणते, आसामले गेला. मले त्याचा चेहरा आठवत नाही.



७ मार्च
आईले सांगितलं. "वण तं साऱ्याइलेच असते," म्हणाली. तव्यावरची भाकर जळाली. मग — "चाल, पाहून येऊ."

ती तिथं रडली तर? आम्ही दोघंही परत येणार नाही.

८ मार्च
आई पाहत राहिली. पाटील बाजूलेच.

"काय मागून राहिली वं तुळसा, महाराजाले?"

"काही नाही, मालक."

वाटेत एकच बोलली — "तो नोहे."

बसमध्ये मले उगाचच हसू येत होतं.

१३ मार्च
मामा सांगून गेला — रोज दुधापाण्यानं आंघोळ घालून घालून मीठ धुतलं गेलं, महाराजाले वास सुटला. उद्या कन्हान नदीवर नेणार. पहिला खांदा पाटलाचा.

आई तांदूळ निवडून राहिली होती. मान वर केली नाही.

"देऊ दे खांदा. तुह्या बापाले देऊन राहिला."