पितांगाच्या खुराची माती

४ मार्च, सोमवार

पोचले एकदाची! राजधानी माँटेव्हिडिओहून सकाळी निघालेली बस दुपारी ताकुआरेंबोला टेकली आणि तिथून पुढे केंद्राची जीप. खोली छान आहे. पांढऱ्या भिंती, इस्त्रीची चादर, खिडकीतून थेट घोड्यांचं कुरण दिसतं. आल्या आल्या मी कपाट पुन्हा पुसून काढलं, कारण दुसऱ्याने पुसलेलं मला पुरत नाही. माझं लग्न याच गुणापायी अडलं असं आई सांगते. असो.

इथे घोड्यांच्या आजारांवर संशोधन चालतं. मी संशोधक नाही, संशोधन धड चालावं म्हणून नेमलेली बाई आहे. कोणत्या घोडीला कोणतं मलम, तपासायला कोण येणार, नमुने कोणत्या गाडीने राजधानीच्या प्रयोगशाळेत जाणार, हे सगळं जुळवून आणायचं. प्रमुख डॉक्टर लारोसा हसतमुख आहेत, पण त्यांच्या टेबलाचा नुसता उकिरडा झालाय. इवोन, तू आलीस आणि आम्ही सुटलो, असं म्हणाले. आवराआवर करायला मला असाच उकिरडा लागतो. मी जाम खूश आहे.

७ मार्च, गुरुवार

सध्याचं काम जखमेतल्या अळ्यांवर आहे. तारेचा ओरखडा असो की नुकत्या जन्मलेल्या शिंगराची बेंबी, माशी तिथे अंडी घालते आणि अळ्या जिवंत मांस खात, डोकं खाली करून आत शिरतात. वरून दिसतात त्या नुसत्या वळवळणाऱ्या शेपट्या. आणि तो वास! गोडसर, कुजका, घशात बसणारा. मी गोठ्यामागे जाऊन भडाभडा ओकले.

पागेचा म्होरक्या अपारिसिओ हे बघून पोट धरून हसला. राजधानीच्या बाईसाहेबांना घोडा फक्त नाण्यावरचा माहीत, असं सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. गावच्या दवाखान्यातली नर्स सुलमा तिथेच होती. स्कूटरवरून येते, कामगारांचं काय कापलं-खरचटलं ते बघते आणि माटेच्या, आमच्या त्या पाल्याच्या कडू चहाच्या, गप्पांना थांबते. तिने अपारिसिओला झापलं, की पहिल्या अळ्या बघून तू चुलत्याच्या बुटात ओकला होतास, विसरलास काय रे.

माटेचा पोकळ भोपळ्याचा पेला फिरत फिरत माझ्याकडे आला. एकच नळी, सगळ्यांची तोंडं. आयुष्यभर अशीच प्यायले, कधी काही वाटलं नाही. पण आज अपारिसिओच्या ओल्या मिशा बघितल्या आणि हात आपोआप रुमालाकडे गेला. मी नळी पुसली. सगळे रुमालाकडे बघायला लागले. असं करत नाहीत, हे मला काय माहीत नाही? सुलमाने माझ्या हातून भोपळा घेतला, नळी तशीच तोंडात धरली आणि हवेबद्दल बोलायला लागली. देवमाणूस आहे ती.

१२ मार्च, मंगळवार

पितांगा नावाच्या तांबड्या घोडीच्या छातीला तार लागली होती. आज त्यात अळ्या दिसल्या. मी तिचं नाव नव्या मलमाच्या गटात घातलं, तर अपारिसिओ म्हणाला, मलम कशाला वाया घालवता, मी तिचं पाऊल उलटतो.

ही गोष्ट आजोबांच्या तोंडून ऐकली होती. जनावर चिखलातून चालवायचं, त्याच्या खुराचा ठसा मातीसकट सुऱ्याने कापायचा आणि उलटा ठेवायचा. मंत्रबिंत्र काही नाही. अळ्या जनावर सोडून मातीत उतरतात आणि माती वाळली की मरतात. ठशात दुसऱ्या कुणाचा पाय पडलेला नसावा, एवढीच अट. का, असं मी विचारलं. नाहीतर पत्ता चुकतो, असं म्हणून तो हसला.

डॉक्टर म्हणाले, करू दे म्हाताऱ्याला, तिसरा गट होईल. मग मी म्हटलं, करायचंच तर रीतसर करू. नमुने सगळ्याचे घ्यायचे, मातीचासुद्धा.

१४ मार्च, गुरुवार

पितांगाला मीच धरून हौदाजवळच्या चिखलातून चालवलं. छातीवर माशांचा थर, पू गळत होता, वासाने डोळ्यांत पाणी आलं. अपारिसिओने मागच्या उजव्या खुराचा ठसा निवडला आणि तो थुंकायला वळला. तेवढ्यात घोडीने हिसका दिला आणि माझी टाच त्या ठशात अर्धी रुतली. मी पाय काढून घेतला. सांगायला हवं होतं. पण सांगितलं असतं तर घोडीला पुन्हा चालवा, पुन्हा तो वास. मी टाच गवताला पुसली.

त्याने न बघताच ढेकूळ कापलं, उलटलं, उन्हात वाळू दे म्हणाला आणि जेवायला गेला. त्याच सुऱ्याने त्याने भाजलेल्या मांसाचे तुकडे केले. मी ताट बाजूला सारलं.

वाळक्या मातीतून काय डोंबलाचा नमुना मिळणार? सगळे जेवत असताना मी ढेकूळ ओलं आहे तोवर पिशवीत घातलं. अर्धं संध्याकाळच्या बसने प्रयोगशाळेत गेलं, अर्धं माझ्या फ्रिजमध्ये आहे.

१५ मार्च, शुक्रवार

पितांगाची जखम स्वच्छ! गुलाबी, कोरडी, एक अळी नाही. डॉक्टर तीनदा वाकून बघून आले. अपारिसिओ मिशांना पीळ देत फिरतोय. मला हसू आवरत नाही. प्रयोगशाळेला कळवलं, मातीकडे नीट लक्ष द्या.

१८ मार्च, सोमवार

टाचा खाजतायत. नवे बूट चावले असतील.

२० मार्च, बुधवार

डाव्या टाचेला बारीक भोक आहे. दाबलं तर आतून काहीतरी मागे सरकलं.

सुलमाने चिमट्याने अळ्या काढल्या. माणसांनाही होतं गं, घाबरायचं नाही, असं म्हणत होती. मी तोंड भिंतीकडे करून ठेवलं. तिने त्या स्पिरिटच्या बशीत टाकल्या, तिथे त्या बराच वेळ वळवळत राहिल्या. माझ्या मांसावर पोसलेल्या. मला स्वतःचीच शिसारी आली. पाय साबणाने इतके घासले की सालपटं निघाली.

२१ मार्च, गुरुवार

पुन्हा तेवढ्याच. दोन्ही टाचांत. सुलमा गोंधळली आहे, कारण काल तिने भोक पार आतपर्यंत साफ केलं होतं.

अपारिसिओ दारात उभा राहिला. माती कुठाय, एवढंच विचारलं. मी सगळं सांगितलं, टाचेचंही. आज त्याने एकही टोमणा मारला नाही. त्यामुळे जास्त भीती वाटली.

फ्रिजमधलं ढेकूळ स्वयंपाकघरातल्या भट्टीत भाजून वाळवलं. ते तडकलं तशी डाव्या टाचेतून अळ्या आपोआप गळाल्या, वाळून तुसासारख्या झालेल्या. टाच बंद. उजवी मात्र तशीच.

उरलेलं अर्धं माँटेव्हिडिओला आहे.

२२ मार्च, शुक्रवार

प्रयोगशाळेतली मुलगी फोनवर इतकी खूश होती! मातीत काहीतरी हलतंय म्हणे. म्हणून तिने ती उबेच्या पेटीत ठेवली आहे, रोज पाणी शिंपडते, अळ्या काय मस्त वाढतायत! मी ओरडले, वाळव ती, जाळून टाक. तिला चेष्टा वाटली. आता सुट्टीनंतर बोलू म्हणाली.

उद्यापासून सुट्टीचा आठवडा. सगळा देश बंद.

पुन्हा फोन केला. कुणी उचलत नाही.

२३ मार्च, शनिवार

पहारेकऱ्याकडे किल्ली नाही. डॉक्टर समुद्रावर गेले, त्यांचा फोन बंद. ताकुआरेंबोच्या इस्पितळात टाच चिरून साफ केली, पट्टी बांधून घरी पाठवलं.

अपारिसिओ स्वतःचा घोडा घेऊन जत्रेला निघाला होता. जाण्याआधी त्याने माझं पाऊल उलटलं, ढेकूळ भट्टीत वाळवलं. अळ्या गळाल्या. पण म्हणाला, तिकडे पेटीत त्या जगतायत तोवर उद्या नव्या येतील. प्रयोगशाळा उघडेपर्यंत दम धर. कायमच्या जायच्या तर दुसऱ्याचा पाय तुझ्या ठशावर पडायला हवा आणि माती ओली राहायला हवी, म्हणजे त्या त्याच्या अंगात जातात. ते मी करणार नाही, असं म्हणाला. आणि तूही करू नकोस, बाई.

पहिल्यांदा त्याने बाईसाहेब म्हटलं नाही.

२५ मार्च, सोमवार

पोटरीपर्यंत. कातडीखाली सरकताना दिसतात. पट्टी सोडली की तो वास — गोडसर — आता तो माझा आहे. चादरीला, केसांना, वहीला.

माशा खिडकीच्या जाळीवर बसून आहेत. पितांगा कुंपणाशी येते, हुंगते, कान मागे टाकून पळते. घोडीलासुद्धा माझी किळस येते.

२६ मार्च, मंगळवार

सुलमा आली. सुट्टी असून रोज येते. दुपारभर चिमटा घेऊन बसली. तिच्या घरी पाहुणे आलेत, तरी तळलेली गोड भाकरी करून आणली. मला खाववेना. दाताजवळ काहीतरी हललं. हिरडीत —

तिने काढलं. तोंडात बोट घालून. नाक मुरडलं नाही. मग माटे केली, मी एक घोट घेतला, आणि तिने तीच नळी न पुसता तोंडात धरली.

मी रडले. तिने केसांवरून हात फिरवला आणि म्हणाली, वेडी, वासाने कुणी मरतं का.

२७ मार्च, बुधवार

डोळा. डाव्या डोळ्यामागे. सरकतं.

प्रयोगशाळा सोमवारी उघडणार. सोमवारपर्यंत मी — पेटीत ऊब. रोज पाणी. मस्त वाढतायत.

नको. ते करायचं नाही.

२८ मार्च, गुरुवार

रात्री पाऊस झाला. अंगण चिखल. सकाळी अनवाणी नळापर्यंत गेले, बूट चढत नाही. परत येऊन पायरीवर बसले.

सुलमा आली. स्कूटर फाटकाशी लावली, चालत आली. औषधाची पिशवी, भाकरीचा डबा. माझ्याकडे बघून हसत होती, खाली बघत नव्हती. पाय माझ्या ठशावर — बरोबर वर. तिच्या बुटाचा ठसा. टाचेसकट.

मी पाय आखडून तिला वाट दिली.

ती आत गेली, पाणी तापवायला. मला तिचा आवाज ऐकू येतोय. गाणं गुणगुणतेय.

स्वयंपाकघरातला सुरा माझ्या मांडीवर कसा आला —

कापलं. उलटलं. हात थरथरत नव्हते. एवढंच किळसवाणं वाटलं, की हात थरथरत नव्हते.

डोळा मोकळा. खरंच मोकळा! हिरडी. पोटरी. वास गेला. सकाळची हवा कशी असते ते विसरले होते.

ऊन निघालंय. माती कडेने पांढरी पडतेय. वाळली तर त्या मरतील, सुलमाला काहीच होणार नाही, आणि माझ्याकडे उद्या नव्या येतील. वाळू द्यायला हवी. एवढंच करायचं आहे, काहीच न करता बसायचं.

सुलमा थर्मास ठेवून गेली. माझा पाय बघून तिने मला मिठी मारली, देव पावला म्हणाली. पाहुणे वाट बघतायत म्हणून घाईने निघाली.

थर्मासमधलं पाणी अजून कढत आहे. थोडं थोडं ओततेय. माती छान काळी राहिली आहे.

सुलमा फाटकाशी थांबली. स्कूटरला टेकली. बूट काढतेय. टाच खाजव —