पदरानं पुसलेलं घमेलं

१७ ऑगस्ट, रनाळे

एवढा पाऊस झाला आणि माझ्या हातात थेंब नाही! सकाळी गच्चीवर गेले तर पावसाचं पाणी धरायला ठेवलेलं घमेलंच गायब. वरच्या हवेत आपोआप तयार होणारं बेरिलियम आणि जुन्या अणुचाचण्यांचं उरलेलं सीझियम, दोन्ही त्या पाण्यात मोजायचं होतं. कुठल्या कुठल्या देशांची धूळ माझ्या गच्चीवर येऊन पडते, माणूस मात्र फिरकत नाही.

फिरकलं ते नेमकं आज. शेजारच्या सखूबाई घमेलं घेऊन दारात उभ्या. आमची गच्ची एकच.

"तुन्हं घमेलं पाणीमा पडेल व्हतं, बेटा. पुशीसन ठी दिधं."

पाणी ओतून, वर पदरानं पुसून! असली चिडले होते. बोलणार, तेवढ्यात त्या म्हणाल्या, "जेवनी का?"

इथं आल्यापासून हे कुणी विचारलं होतं मला? मग त्यांच्याकडेच जेवले.

ॲसिडनं धुतल्याशिवाय घमेलं परत बाहेर ठेवता येत नाही. पदरानं पुसलेलं तर नाहीच नाही. संध्याकाळीच ॲसिडची बाटली काढून ठेवली.

आता पाऊस सुरू झालाय. घमेलं मांडीवर आहे. बाटलीचं झाकण अजून उघडलेलं नाही.