हनुवटीचा अंदाज

३ मार्च
गोळ्या सुरू. डॉक्टरबाई म्हणाल्या, सहा महिने तरी धीर धरा. चेहऱ्यावरच्या केसांवर कुणाला किती गुण येईल ते आधी सांगता येत नाही. मनात म्हटलं, तुम्हाला येत नसेल! मी बिस्किट कंपनीत नऊ वर्षं विक्रीचे अंदाज काढतेय. क्रीमचे किती खोके खपणार ते मला दोन महिने आधी कळतं, तिथे माझी हनुवटी काय चीज आहे?
त्यांनी अंगावरच्या नऊ जागा बघून केसांचे मार्क दिले, जितके केस जास्त तितके मार्क जास्त. सात. महिनाभर केस काढले नाहीत ना, असं विचारलं. नाही म्हणाले. खरं तर सकाळीच सगळं चकाचक करून गेले होते. डॉक्टर झाली म्हणून काय झालं, परक्या बाईपुढे तसं तोंड घेऊन जायचं?

४ मार्च, सकाळी ५.५०
नवरा साडेपाचला पहिल्या शिफ्टला जातो. मग कडी, आरसा, रेझर. वीस मिनिटं. लग्नाला पाच महिने झाले, त्याला पत्ता नाही. लागला तर संपलंच सगळं.

१९ मार्च
हा म्हणाला, जूनपासून जनरल शिफ्ट. म्हणजे सकाळी आठपर्यंत घरात! ऑफिसात एक्सेल उघडून वय, वजन, रिपोर्ट, मार्क, सगळं घातलं. उत्तर: ३१ मेपर्यंत ८२ टक्के केस गायब. जीव भांड्यात पडला.

११ एप्रिल
भिंगाच्या आरशात मोजले. हनुवटीवर ४१. गेल्या आठवड्यात ३८ होते. आज उजेड जास्त होता. मोजणी बाद.

४ मे
४४. उन्हाळ्याने असणार. फॉर्म्युल्यात उन्हाळा घातला, पुन्हा बरोबर ८२ आलं. अनुभव म्हणतात तो हाच.

२१ मे
डॉक्टरबाईंकडे २६ला जायचंय. पुरावाच नेते. आजपासून रेझर बंद. ह्याला सांगितलं, सर्दी आहे, तुला लागायला नको, म्हणून मास्क. तो बिचारा बाहेर सोफ्यावर झोपतो म्हणाला. किती गुणाचा आहे! म्हणून तर जास्त भीती वाटते.

२४ मे
आरशात बघितलं नाही. निकाल आधी फोडू नये.

२६ मे
सोळा मार्क. डॉक्टरबाईंचा चेहराच उतरला. औषध चालू असताना तीन महिन्यांत सातावरून सोळा, म्हणजे पोटात कुठेतरी हार्मोन सोडणारी गाठ असू शकते. रक्त, सोनोग्राफी. शुक्रवारी नवऱ्याला घेऊन या.
कारण मला माहीत आहे. अगदी ओठांवर आलं होतं. पण पहिल्याच दिवशी थाप मारली, हे कोणत्या तोंडाने सांगू? चिठ्ठी घेऊन निघाले. घरी येऊन आधी दाढी केली.

२७ मे
पण गाठ असलीच तर? सकाळपासून पोट चाचपतेय. उजवीकडे काहीतरी लागतं. डावीकडेही तसंच लागतं. म्हणजे दोन.

२८ मे
ह्याला फक्त गाठीचं सांगितलं, केसांचं नाही. चहा उतू गेला तरी हा गॅसपाशी नुसता उभा. मग रडला. रजा टाकली. माझ्या आईला फोन केला. आईला सगळं ठाऊक आहे. ती मला म्हणाली, अगं बये, सांगून टाक, का त्याचा जीव घेतेस? म्हटलं, रिपोर्ट नीट आला की आपोआप मिटेल.

३० मे
रिपोर्ट नीट आला. मिटलं नाही. गाठ दिसत नाही, तर केस वाढले कशाने, म्हणून डॉक्टरबाई आणखीच काळजीत पडल्या. आता मोठ्या हॉस्पिटलात भरती करून, बारीक नळी घालून तपासायचं म्हणाल्या. ह्याने माझा हात धरला. कुठली नळी, कुठून घालणार, आणि मी ओरडलेच की पहिल्या दिवशी मी दाढी करून आले होते, रोज करते!
मग डॉक्टरबाईंनी सात खोडला आणि सोळाच्या पुढे लिहिलं: सुरुवात. सहा महिने आजपासून मोजायचे. गुण येईल का? ते आताही सांगता येणार नाही म्हणाल्या.

२ जून, सकाळी ७.१५
जनरल शिफ्टचा पहिला दिवस. हा घरातच आहे. शुक्रवारपासून एकदाच बोलला. म्हणाला, केस असू देत नाहीतर नसू देत. पण तीन दिवस मी तुझ्याशिवाय कसं जगायचं ते ठरवत होतो, आणि तू शेजारी बसून नुसती बघत होतीस.
कडी न लावता दाढी केली. हा दारावरून दोनदा गेला. आत बघितलं नाही.