आवाजाचा मनाशी संबंध नाही

३ एप्रिल १९६१, देवगड
उठले तर आवाज नाही. ताप नाही. घसा लाल नाही. नाडी ७२. स्वरयंत्राला सूज असणार.
काल जेवताना थोरल्या भावाने, भाईने, माझं लग्न ठरवल्याचं सांगितलं. मुलगा हरिश्चंद्र, मुंबईला गोदीत क्लार्क. मी नोकरी सोडून शिरगावला त्याच्या आईजवळ राहायचं. मला विचारलं नव्हतं. मी जेवण पूर्ण केलं.
या दोन गोष्टींचा संबंध नाही. मी रागावलेली नाही.

४ एप्रिल
दवाखान्यात मलेरियाच्या ४१ स्लाइड्स तपासल्या. डॉक्टरांनी आरसा घालून घसा पाहिला. म्हणाले, "स्वरयंत्र उत्तम आहे. सुभद्राबाई, मनात काही साठलंय का?" एमबीबीएस माणूस आणि असलं विचारतो. मी कागदावर लिहून दिलं: मन शरीराहून वेगळं आहे, त्याला घशात जागा नाही. मग त्यांनी मिठाच्या गुळण्या सांगितल्या. हे आधीच सांगता आलं असतं.
१५ला मुलाकडचे येणार. तोवर आवाज येईल. सगळ्यांसमोर स्पष्ट "नाही" म्हणेन. चिठ्ठी लिहिणं भित्रेपणाचं.

९ एप्रिल
गुळण्या रोज सहा. प्रगती शून्य. शेजारच्या काशीबाई म्हणाल्या, "खंयच्या झाडाखालसून इलंस गो? काय तरी लागलेला आसतला." आईने मिरच्यांनी दृष्ट काढली. धुराने मला खोकला आला. खोकल्याला आवाज होता. याला शास्त्रीय महत्त्व नाही.

१५ एप्रिल
मुलाकडचे आले. आवाज आला नाही. पसंत का, असं मुलाच्या आईने विचारलं. मी मान जोरात नकारार्थी हलवली. भाई म्हणाला, "लाजता ती."
मुलाची आई खूश. "माझी थोरली सून सकाळपासून तोंड मिटना नाय. माका अशीच होयी होती."
ट्रे जरा जोरात ठेवला गेला. दोन कप फुटले. तो शुभशकुन ठरला.
नाडी १०८. उकाडा फार.

१६ एप्रिल
चिठ्ठी लिहिली: मला हे लग्न मान्य नाही. भाईने वाचून खिशात घातली. "पयलो आवाज येवंदे, मगे बघूया."
आई म्हणते, देवळात गाऱ्हाणं घालू. वाद घालायला आवाज नाही म्हणून जाईन. तोंड उघडणार नाही.

२१ एप्रिल, संध्याकाळ
देवळाचे मानकरी बाबली गावकार यांनी देवापुढे नारळ ठेवला.
"ह्या चेडवाचो आवाज परत येवंदे रे महाराजा."
सगळे, "व्हय महाराजा."
"शिरगावच्या घराक तेचो संसार सुखाचो होवंदे रे महाराजा."
"व्हय महाराजा."
लहानपणापासून प्रत्येक गाऱ्हाण्याला मी हेच म्हणत आले आहे. या दुसऱ्या वेळी सर्वांत मोठा आवाज माझा होता.
आई रडायला लागली. भाई म्हणाला, "आयकलास मा सगळ्यांनी? पयलोच शब्द व्हय."
मी लगेच "नाही" म्हणाले. तीनदा, स्वच्छ आवाजात. तोवर ढोल सुरू झाला होता.

२२ एप्रिल
आवाज पूर्ववत. गुळण्यांना अठरा दिवस लागले.
काल होकार फक्त स्वरयंत्राने दिला, मनाचा त्यात भाग नव्हता. दोन्ही वेगळी असतात. हे भाईला शांतपणे, मुद्देसूद समजावलं. त्याने सगळं ऐकून घेतलं. म्हणाला, "बरा. मन हयच ऱ्हवांदे. बाकीचा शिरगावाक धाडूया."
मुहूर्त १२ मे. माझा राजीनामा त्याने लिहूनच आणला होता. सही फक्त हाताने केली.